आईच्या चालीने चालणाऱ्या गाईडताईंस

प्रिय गाईडताई,

सप्रेम नमस्कार.

नॉर्वेच्या उत्तरेला, ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर एका हंगामात कितीतरी प्रवासी तुमच्या हाताखालून जात असतील, पण काठी टेकत चालणारी माझी आई तुम्हाला आठवत असेल अशी खात्री आहे. पत्र मराठीत लिहितेय, कारण पाठवण्याआधी ते तिला स्वतः वाचायचं आहे. इंग्रजी तर्जुमा सोबत जोडते.

अल्कहॉर्नेट या पक्ष्यांच्या कड्यापाशी उतरायच्या आदल्या रात्री तुम्ही नियम सांगितलेत. ध्रुवीय अस्वल कुठूनही येऊ शकतं, रायफल फक्त गाईडकडे, म्हणून गट फुटता कामा नये. ते ऐकताच आईने ठरवून टाकलं, "माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा नको, मी आपली जहाजावरच थांबते." तुम्ही तिच्याशेजारी येऊन बसलात, गुडघा कधी दुखतो, चढताना की उतरताना, ते विचारलंत आणि म्हणालात, "तुम्ही माझ्या लगेच मागे, सर्वांत पुढे चालायचं." शेपटाला राहिलेल्या माणसाची सतत धावपळ होते, तोच पुढे असला की सगळा गट आपोआप त्याच्या चालीने चालतो. इतकी साधी युक्ती, पण आईचा सगळा संकोच तिने घालवला.

झोडियाकमधून, म्हणजे त्या रबरी बोटीतून उतरताना तुम्ही तिचा हात मनगटाच्या वर, घट्ट धरलात. पुढे दर थोड्या वेळाने थांबलात, आणि प्रत्येक वेळी दाखवायला तुमच्याकडे काहीतरी होतं, त्यामुळे ते थांबणं आईसाठी आहे हे कुणाला जाणवलंही नाही. एकदा तुम्ही गुडघ्यावर बसून शेवाळात एक पान दाखवलंत, नखाएवढं. ध्रुवीय विलो! झाड म्हणायचं, पण उंची जेमतेम बोटाच्या पेराइतकी. आई काठीवर भार देऊन वाकली आणि बराच वेळ तिथून हललीच नाही.

मग रेनडिअर आले. आखूड पायांचे, बुटके, हिवाळ्याची लोकर अंगावर फाटक्या गोधडीसारखी लोंबणारी. आम्ही बसून राहिलो आणि ते चरत चरत जवळ आले, इतके की गवत तोडल्याचा आवाज येत होता. शिकारीने ते जवळपास संपले होते, १९२५ मध्ये त्यांना संरक्षण मिळालं, हे तुम्ही तेव्हा हळूच सांगितलंत.

कड्याखालची हिरवळ पक्ष्यांच्या विष्ठेमुळे, हेही तिथेच कळलं. वर गिलेमॉट या समुद्रपक्ष्यांचा नुसता कल्लोळ. त्यांचं पिल्लू धड उडता येत नसताना, तीनेक आठवड्यांचं असताना कड्यावरून उडी मारतं आणि पुढे समुद्रात बाप त्याला सांभाळतो. एक पिल्लू पाण्यापर्यंत न पोचता गवतात पडलं आणि तपकिरी कोल्ह्याने ते उचललं. आईच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. तुम्ही तिची समजूत घालायला काही गोड बोलला नाहीत. कोल्ह्यालाही पिल्लं असतात, एवढंच म्हणालात. मला ते फार आवडलं.

तेवढ्यात तुमचा वॉकीटॉकी खरखरला. लांब किनाऱ्यावर पिवळट ठिपका हलताना दुसऱ्या गाईडला दिसला होता. काही जणांना थांबून फोटो घ्यायचे होते, कुरकुरही झाली. तुम्ही आवाज न चढवता सगळ्यांना परत फिरवलंत. २०२५ पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर, मार्च ते जून ५०० मीटर दूर राहायचा कायदा आहे. पण तुम्ही घाई केलीत ती त्याच्याही आधी, अस्वलाला आपला सुगावाच लागू नये म्हणून. बंदूक वापरायची वेळ येणं हे गाईडचं अपयश, हे तुमचं वाक्य मी लिहून ठेवलंय. उतारावर आईची चाल आणखी मंदावली, तरी परततानाही तीच पुढे होती आणि तिचा वेग तुम्ही वाढू दिला नाहीत.

ताई, पैसे मोजून जहाजाचं तिकीट मिळतं. आईला तिचा मान राखून चालवणं हे तुमचं स्वतःचं होतं. त्यासाठी मनापासून आभार.

आईचा निरोप: हिवाळ्यात सुट्टी मिळाली तर पुण्याला या. सिंहगड ती तुमच्या मागोमाग चढणार आहे, पिठलं-भाकरी तिच्याकडून.

तुमची,
त्या काठीवाल्या आजींची मुलगी