मुंबईची तिथी, परदेशचा दिवस

महोदय,

वर्षअखेरीस दादर-गिरगावातून दिनदर्शिका परदेशातल्या मुलासुनांकडे रवाना होतात. त्यांतले सण जसेच्या तसे पाळले की घोटाळा होतो. तिथी सुरू होण्याचा आणि संपण्याचा क्षण जगभर एकच असतो. सणाचा दिवस मात्र त्या गावच्या सूर्योदय-सूर्यास्तावर ठरतो.

२०२४ची दिवाळी घ्या. अमावास्या आपल्या घड्याळाने ३१ ऑक्टोबरला दुपारी ३.५२ला लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६.१६ला संपली. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ तारखेला झालं. न्यूयॉर्क तेव्हा साडेनऊ तास मागे होतं, म्हणजे तिथे अमावास्या १ तारखेला सकाळी ८.४६लाच आटोपली. प्रदोषकाळ, म्हणजे सूर्यास्तानंतरचा पूजेचा काळ, मिळाला तो ३१च्या संध्याकाळचा, नेमका हॅलोवीनचा! सिडनीत मात्र १ तारीखच बरोबर होती.

म्हणून तारीख न पाहता तिथीची वेळ पाहावी, फरक वजा किंवा अधिक करावा आणि मग तिथला सूर्यास्त पाहावा. फरकही वर्षभर सारखा नसतो. ३ नोव्हेंबरला, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे गेली आणि साडेनऊचे साडेदहा तास झाले. ओवाळणीचे व्हिडिओ कॉल चुकतात ते यामुळेच.

संकष्टीला तर मुंबईचा चंद्रोदय तिकडे अजिबात चालत नाही. जूनमध्ये लंडनला तो मध्यरात्रीच्या सुमारास होतो. लहान मुलांना तोवर उपाशी ठेवू नये, हे आजी-आजोबांनीच फोनवर सांगितलेलं बरं.

– एक वाचक, विलेपार्ले