त्या डबाभर मॉसबद्दल

म्हापशाच्या काकांना,
सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी गणेश चवथीच्या साफसफाईत मी घराबरोबर माशांची टाकीही घासून काढली. खडे नळाखाली धुतले, फिल्टरचा स्पंज स्वच्छ होईपर्यंत पिळला. चौथ्या दिवशी गप्पी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. लेक रडून रडून झोपली. कुणीतरी तुमचा नंबर दिला आणि तुम्ही भर पावसात फोंड्याला आलात. ओळख ना देख!

आधी विहिरीच्या पाण्याने अर्धी टाकी बदललीत, मग समजावलंत. माशांच्या घाणीतून अमोनिया सुटतो, तो पचवणारे जिवाणू स्पंजात आणि खड्यांत असतात. नळाच्या क्लोरीनने मी तेच मारले होते. दाट झाडं असली की तीही अमोनिया शोषतात. "पण रात्री झाडांनाही ऑक्सिजन लागतो, तेव्हा मासे कमीच ठेव," हेही बजावलंत. फोंड्यात वीज जाऊन हवेचा पंप बंद पडतो तेव्हा मला हे हमखास आठवतं.

पिशवीतून तुम्ही श्रीखंडाचा डबा काढलात. आत ओलं जावा मॉस, म्हणजे पाण्यात वाढणारं शेवाळासारखं झाड. कोथिंबिरीसारखं बोटांनी मोकळं करून ते करवंटीच्या तुकड्यावर पांढऱ्या दोऱ्याने गुंडाळलंत. गप्पी आपलीच पिल्लं खातात, त्यांना लपायला हेच घर, म्हणालात.

महिना-सव्वा महिन्याने सकाळी लेकीने हाक मारली. मॉसच्या धाग्यांत काळे दोन ठिपके होते. डोळे! बाकी अंग काचेसारखं, पलीकडचं हिरवं आरपार दिसणारं. आम्ही अकरा मोजली. पुढच्या वेळची तर मोजताच आली नाहीत.

आता पंधरवड्याला दोन बादल्या पाणी बदलते, स्पंज टाकीतल्याच पाण्यात हलकेच पिळते, पाण्यावर तरंगत पसरलेली साल्विनिया वनस्पती निम्मी काढून माडाच्या आळ्यात टाकते. ओहोळात नाही, ती तुमची ताकीद पक्की लक्षात आहे. आमच्या विहिरीचं पाणी फार मऊ, म्हणजे क्षार कमी, म्हणून तुम्ही सांगितलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून तळाशी ठेवल्यात. बाकी हात घालत नाही.

त्या दिवशी पैसे विचारले तर तुम्ही नुसता चहा घेतलात. काका, लेकीचं ते रडणं तुम्ही थांबवलंत, हे मी विसरणार नाही. या चवथीला गणपतीवर बांधलेली फळापानांची माटोळी बघायला नक्की या. तुमचा डबा साबण न लावता धुऊन ठेवलाय. मॉस आणि त्यात लपलेली पिल्लं घालून परत देते.

तुमची,
फोंड्याची गप्पीवाली