डाग निघू शकला असता, पण तुमच्या माणसाने फळीच खरवडली

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : डेकच्या चार फळ्या बदलून मिळण्याबाबत

महोदय,

गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर आहे. दोन खोल्या पर्यटकांना देतो. २०२४ च्या फेब्रुवारीत घराच्या पश्चिमेला तुमच्या कंपनीच्या कंपोझिट फळ्यांचा २२० चौरस फुटांचा डेक, म्हणजे बाहेर बसायचा फळ्यांचा ओटा, बसवून घेतला. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या या फळीला पाणी, वाळवी, डाग काही लागत नाही, असं तुमच्या विक्रेत्याने आम्हाला सांगितलं होतं. वाळवी लागली नाही, हे खरं. डाग मात्र पहिल्याच पावसाळ्यात पडले.

त्यातले बरेचसे माझे मीच काढले. कोकमाचं आगळ सांडलं, ते लगेच साबणाच्या पाण्याने गेलं. सुरमई तळताना उडालेलं तेल भांड्यांचा साबण आणि गरम पाणी वापरून निघालं. जांभ्याची लाल माती मऊ ब्रशने फळीच्या रेषांच्या दिशेने घासली की सुटते. शेवाळाचंही तसंच, फक्त दोन फळ्यांमधल्या फटीत अडकलेला पालापाचोळा आधी काढावा लागतो, नाहीतर आठवड्यात ते परत धरतं. या कामाबद्दल माझी तक्रार नाही. कोकणात राहायचं तर पावसाळ्यानंतर घासपूस आलीच.

अडलं ते एका डागापाशी. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या, गडबडीत लोखंडी स्टँडवरच्या कुंड्या डेकवर आणून ठेवल्या होत्या. त्यांच्याभोवती फणसाची पानं चार महिने कुजत राहिली. ऑक्टोबरमध्ये कुंड्या उचलल्या तर चार फळ्यांवर काळी कडी उमटलेली. साबणाने हलली नाहीत म्हणून तुमच्याकडे फोन केला.

तुमचा माणूस आला, त्याने ब्लीच ओतलं आणि तारेच्या ब्रशने घासायला सुरुवात केली. मी दोनदा विचारलं, असं चालतं का? कंपनीची हीच पद्धत आहे, असं तो म्हणाला. कडी फिकट झाली, पण त्याबरोबर फळीवरचं आवरणही गेलं. आज त्या जागी हात फिरवला तर कूस लागते. शेजारच्या फळीवर पाणी टाकलं तर थेंब उभा राहतो, इथे ते मुरतं आणि भुशाचा रंग गडद होतो.

पुढच्या महिन्यात तुमचा मेल आला : धातूच्या ब्रशने पृष्ठभाग खरवडल्यामुळे वॉरंटी लागू नाही. तो ब्रश तुमच्याच माणसाच्या हातात होता. देखभालीचं पुस्तक मी मागितल्यावर मिळालं, तेही इंग्रजीत, आणि त्यात तारेचा ब्रश वापरू नये असं स्पष्ट लिहिलं आहे. मग तुमच्या माणसाला ते कोणीच का सांगितलं नाही?

मला सर्वांत जास्त लागलं ते पुढे. आमच्या गावच्या सुताराने सांगितलं की, लोखंडाचा गंज आणि पानांतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, एकत्र आलं की असा काळा डाग पडतो, आणि त्यावर ऑक्झॅलिक अॅसिड चालतं. पाचव्या फळीच्या कोपऱ्यावर तसलाच एक छोटा डाग राहिला होता. आधी उरलेल्या तुकड्यावर करून पाहिलं. मग हातमोजे घालून पाण्यात कालवलेलं अॅसिड त्या डागावर लावलं, दहा मिनिटं ठेवलं आणि भरपूर पाण्याने धुतलं. डाग गेला, फळीला ओरखडाही नाही. म्हणजे त्या चारही फळ्या वाचल्या असत्या.

माझी मागणी अशी. चार फळ्या तुमच्या खर्चाने बदलून द्या. उन्हाने बाकीचा डेक थोडा उतरला आहे, नव्या फळ्या वेगळ्या दिसतील. म्हणून त्या बाकाखाली बसवा आणि तिथल्या जुन्या पुढे घ्या. उरलेल्या डेकची वॉरंटी कायम असल्याचं लेखी द्या. आणि कुठला डाग कशाने काढावा, काय वापरू नये, याचं मराठी पत्रक प्रत्येक ग्राहकाला माल पोचतानाच द्या. इथे फणस, काजू, आंबा नाही असं घर सापडणार नाही. माझ्यासारखी अडचण पुढच्या पावसाळ्यात आणखी कुणाची तरी होईल.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर हवं. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

सोबत : बिलाची प्रत, तुमच्या मेलची प्रत, तुमचा माणूस घासत असतानाचे दोन फोटो, आणि खरवडलेल्या व अॅसिडने साफ केलेल्या फळ्यांचे शेजारी शेजारी घेतलेले फोटो.

आपली ग्राहक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी