किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला काम थांबवण्याचा अधिकार द्या

प्रति,
माननीय आरोग्य व वैद्यकीय शिक्षण मंत्री

विषय: विद्यापीठ रुग्णालये आणि त्यांना जोडलेल्या संशोधन विभागांतील किरणोत्सर्ग सुरक्षा

महोदय,

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूमुळे एका कामगाराचा जीव गेला, आणखी काही जण गंभीर आजारी पडले. हा कोबाल्ट कोणी चोरून आणलेला नव्हता. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षे बंद पडलेले गॅमा किरणांचे यंत्र लिलावात विकले गेले आणि तिथून भंगारात पोहोचले. आत काय आहे याची खातरजमा झाल्याशिवाय यंत्र दाराबाहेर जाणारच नाही, असा कोणताही अडसर वाटेत आला नाही.

मी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आहे आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, म्हणजे आमच्या बोलण्यातला आरएसओ, म्हणून काम करतो. रुग्णालयाच्या इमारतीची मला तुलनेने कमी काळजी वाटते. रेडिओथेरपीचे यंत्र रोज तपासले जाते, कारण रोज रुग्ण येतात. न्यूक्लियर मेडिसिनमध्ये तपासणीसाठी रुग्णाला देतात त्या किरणोत्सर्गी टेक्नेशियमची तीव्रता दर सहा तासांनी निम्मी होते, त्यामुळे ते विसरले तरी फार काळ त्रास देत नाही. काळजी वाटते ती आवारातल्या संशोधन प्रयोगशाळांची. तिथे विद्यार्थी बदलतात, प्रकल्प संपतात, प्राध्यापक निवृत्त होतात आणि फ्रीजच्या तळाशी पिवळे चिन्ह चिकटवलेली बाटली तशीच राहते. तिच्यात ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) असेल तर त्याचे अर्धायुष्य, म्हणजे तीव्रता निम्मी व्हायला लागणारा काळ, बारा वर्षांहून जास्त असते. कार्बन-१४ असेल, तर हिशेब हजारो वर्षांचा.

हे काम वरवरच्या माहितीवर चालत नाही. प्रयोगात किरणोत्सर्गी फॉस्फरस-३२ वापरणारा नवखा विद्यार्थी चांगल्या हेतूने शिशाचा पत्रा समोर ठेवतो. पण त्याचे बीटा कण शिशावर आदळले की क्ष-किरण तयार होतात, म्हणून आधी अॅक्रिलिकचा पडदा लागतो. ट्रिटियम सांडले, तर किरणोत्सर्ग मोजणाऱ्या नेहमीच्या गायगर काउंटरला त्याचा पत्ताही लागत नाही. ओटा कागदाने पुसून तो कागद वेगळ्या यंत्रात मोजावा लागतो. काउंटर गप्प आहे म्हणून जागा स्वच्छ, असे समजून तिथे लोक महिनोन्‌महिने हात टेकत राहू शकतात.

आता कॅथलॅबकडे येतो, म्हणजे क्ष-किरणांखाली हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार होतात त्या खोलीकडे. तिथल्या निवासी डॉक्टरांचे किरणोत्सर्गाची मात्रा नोंदवणारे बॅज कधी कधी त्यांच्या अंगावर नसतात, खुंटीवरच्या शिशाच्या एप्रनला लटकत असतात. नोंद वाढली तर प्रशिक्षणातून बाजूला काढतील, अशी भीती त्यामागे असते. मग तिमाही अहवालात आकडा शून्याच्या जवळ येतो आणि सगळे समाधान मानतात. डोळ्याच्या भिंगासाठीची वार्षिक मर्यादा आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०११ मध्ये १५० वरून सरासरी २० मिलिसिव्हर्टवर (मिलिसिव्हर्ट हे शरीराला मिळालेल्या किरणोत्सर्गाचे माप) आणण्याची शिफारस केली. मोतीबिंदू पूर्वीच्या समजुतीपेक्षा बऱ्याच कमी मात्रेत होतो, हे लक्षात आले होते. एप्रनच्या आत लावलेला बॅज डोळ्यांबद्दल काहीच सांगत नाही. बॅज न लावणाऱ्याला दटावून हा प्रश्न सुटणार नाही. आकडा वाढला तर त्या डॉक्टरला शिक्षा न करता त्याची कामाची पद्धत तपासली जाईल, हा भरवसा आधी द्यावा लागेल.

हा भरवसा द्यायचा कोणी? अनेक संस्थांत आरएसओचे काम हा अतिरिक्त कार्यभार असतो. ज्या विभागप्रमुखाची खोली बंद करायची, तोच आरएसओचा गोपनीय अहवाल लिहितो. अशा माणसाने रुग्णांची रांग बाहेर असताना ‘यंत्र थांबवा’ म्हणावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तो म्हणत नाही, आणि कागदोपत्री सगळे ठीक राहते.

म्हणून माझी मुख्य मागणी ही: रुग्णालय आणि संशोधन विभाग मिळून एकच पूर्णवेळ सुरक्षा कार्यालय असावे, त्याचा प्रमुख थेट संस्थाप्रमुखाला उत्तरदायी असावा आणि काम थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे लेखी असावा. थांबवलेले काम पुन्हा सुरू करायचा निर्णय त्या विभागाने स्वतः घेऊ नये.

पैशाचेही सांगतो. २ मे २०१९ रोजी अमेरिकेत सिएटलच्या हार्बरव्ह्यू वैद्यकीय केंद्रातल्या संशोधन इमारतीतून किरणोत्सर्गी सीझियम-१३७ चे जुने विकिरण यंत्र (रक्त किंवा नमुन्यांवर किरणांचा मारा करणारे) हलवताना गळती झाली. तेरा जण सीझियमने दूषित झाले आणि इमारत दीर्घकाळ बंद ठेवावी लागली. यंत्र हटवण्याचा निर्णय योग्यच होता, पण शेवटच्या टप्प्यावरचे काम किती नाजूक असते ते तिथे दिसले. अशा यंत्रांतले सीझियम क्लोराइड भुकटीच्या रूपात असते, पाण्यात विरघळते आणि एकदा बाहेर पडले की सगळीकडे पसरते. रक्त विकिरणासाठी आज क्ष-किरणांची यंत्रे मिळतात. ती बंद केली की किरण थांबतात आणि मागे काही उरत नाही. नवीन सीझियम यंत्राला मंजुरी देऊ नये. इतर कोणताही मोठा स्रोत घेताना त्याच्या विल्हेवाटीची रक्कम खरेदीच्या वेळीच वेगळी ठेवावी. वीस वर्षांनी ती मागायला गेले की अंदाजपत्रकात जागा नसते, आणि स्रोत तळघरात पडून राहतो.

एक छोटी गोष्ट आपण लगेच करू शकता. निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकाला ग्रंथालयाची पुस्तके परत केल्याची सही आणावी लागते. त्याच कागदावर आरएसओच्या सहीचा रकाना वाढवावा आणि प्रयोगशाळेतला प्रत्येक स्रोत मोजून ताब्यात घेतल्याशिवाय ती सही मिळू नये. सोबत प्रत्येक संस्थेला वापरात नसलेल्या स्रोतांची यादी तीन महिन्यांत जाहीर करायला सांगावे. पहिल्या यादीत काय काय निघेल याची मला धास्ती वाटते, तरीही ती लवकर निघावी अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
विद्यापीठ रुग्णालयातील एक वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ