अक्का, तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरसाठी

प्रिय अक्का,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. तुमची घरची भाषा तेलुगू, मराठी तुम्ही झकास बोलता, पण वाचताना अडखळता, म्हणून तिला सांगून ठेवलंय, सावकाश वाच. घरी येऊन आभार मानायला लागले असते तर "गप गं" म्हणत तुम्ही चहा टाकायला उठला असता. म्हणून सगळ्यांच्या देखत लिहिते आहे. आणि एजन्सीमार्फत कामाला लागलेली माणसं या सोलापुरात हॉस्पिटलात, बँकेत, शाळेत, एमआयडीसीत जागोजागी आहेत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कानावर जाऊ दे.

एप्रिल 2024 ची दुपार होती. कुंभारीच्या आपल्या घरकुलात उन्हानं दारात उभं राहवत नव्हतं. मी तुमची वाटी परत करायला आले आणि उंबऱ्यातच रडू फुटलं. तुमच्या मांडीवर सूप होतं, त्यात विडीची कापलेली पानं आणि तंबाखू. तुम्ही हात थांबवला नाहीत. पान घेतलं, चिमूट टाकली, वळलं, तोंड दुमडलं, दोरा गुंडाळला, आणि मग म्हणालात, "एडवकु. रडू नको. आधी सांग, तुझं नाव कोणाच्या वहीत आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. फेब्रुवारी 2023 पासून 14 महिने मी एका खासगी हॉस्पिटलात साफसफाई करत होते. अंगावरच्या गणवेशावर नाव हॉस्पिटलचं, पण कामाला घेतलं एजन्सीनं. नेमणुकीचा कागद नाही, पगाराची पावती नाही. हजेरी सुपरवायझरच्या वहीत, आणि ती वही आम्हाला कधी बघायला मिळाली नाही. मार्चअखेर त्या एजन्सीचं कंत्राट संपलं, नवीन एजन्सी आली. फेब्रुवारी आणि मार्चचा पगार राहिलेला. सुपरवायझरचा फोन बंद, एजन्सीच्या ऑफिसला कुलूप. हॉस्पिटलच्या ऑफिसात गेलो तर म्हणाले, "तुमचा आमचा काही संबंध नाही. एजन्सीला विचारा."

हे वाक्य मी सांगितलं आणि तुमचे हात पहिल्यांदा थांबले. "आमच्याबद्दल पण हेच म्हणायचे," तुम्ही म्हणालात. मग विडीचा फंड कसा मिळाला ते सांगितलंत. 1977 साली विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे फंडाचा, कायदा लागू झाला, तेव्हा कारखानदार कोर्टात गेले. म्हणणं असं की, बाया आपापल्या घरी बसून विड्या वळतात, त्या आमच्या कामगार कशा? 1985 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की घरी वळली तरी ती कामगारच, फंड द्यावाच लागेल. तुमच्या सासूबाईंच्या तोंडून ऐकलेली ही हकिकत तुम्ही मला अशी सांगितलीत जशी बायका सांगतात की अमकीच्या लग्नात काय झालं होतं. आणि मग पत्र्याच्या पेटीतून तुमचं फंडाचं जुनं पुस्तक काढून माझ्या हातात दिलंत. कडा झिजलेल्या, पानांना तंबाखूचा वास. मला एकदम वाटलं, घरी बसून काम करणाऱ्या बाईचं नाव वहीत चढू शकतं, तर मी रोज त्या इमारतीत जाऊन फरशी पुसते, माझं का नाही?

दुसऱ्या दिवशी तुमच्या ओळखीच्या युनियनच्या माणसांकडे घेऊन गेलात. तिथं कळलं की हॉस्पिटलवाले म्हणत होते ते कायद्याला धरून नव्हतंच. कंत्राटी कामगारांचा कायदा 1970 चा. आपल्या महाराष्ट्रात तो 50 किंवा त्याहून जास्त कंत्राटी माणसं जिथं आहेत तिथं लागू होता, आणि आम्ही साफसफाई, आया, वॉर्डबॉय, सिक्युरिटी धरून 70 च्या आसपास होतो. त्या कायद्यात कलम 21 होतं. पगार देणं ठेकेदाराचं काम, पण पगार वाटताना मुख्य मालकाचा, म्हणजे ज्याच्या जागेत काम चालतं त्या हॉस्पिटलचा, माणूस तिथं हजर हवा. आणि ठेकेदारानं बुडवला किंवा कमी दिला तर तो मुख्य मालकानं द्यायचा, नंतर ठेकेदाराकडून वसूल करत बसायचं ते त्यांचं त्यांनी. फंडाचंही तसंच. म्हणजे आम्ही ज्या दारातून परत आलो होतो तेच दार बरोबर होतं.

पण पुरावा? सगळे तेच विचारत होते. किती दिवस भरलेस, किती डबल ड्युट्या केल्यास, कशावरून? माझ्याकडे ओळखपत्र होतं, बँकेच्या पासबुकात पगाराच्या नोंदी होत्या, व्हॉट्सअ‍ॅपवर सुपरवायझरनं टाकलेल्या ड्युटीच्या याद्या होत्या, त्यातल्या निम्म्या डिलीट झालेल्या. त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या घरी आलात, स्वयंपाकघरात उभ्या राहिलात आणि भिंतीकडे बोट दाखवलंत. "हे काय आहे?"

ते माझं दुधाचं कॅलेंडर होतं. खाडा कुठल्या दिवशी, जादा दूध कधी, तेवढं मांडायला लावलेलं. पण त्याच चौकटीत कोपऱ्यात मी बारीक अक्षरात 'स', 'दु', 'रा' आणि 'डब' लिहायचे. सकाळ, दुपार, रात्र आणि डबल. बालवाडीतून पोराला कोणी आणायचं ते सासूबाईंना कळावं म्हणून. मला तो पुरावा वाटलाच नव्हता. तुम्हाला वाटला, कारण तुमच्या भिंतीवरही तसंच आहे. रोजच्या चौकटीत आकडा, 700, 850, 1000. जेवढ्या विड्या कारखान्यात दिल्या तेवढा. छाट म्हणून, म्हणजे खराब ठरवून, बाजूला काढल्या तर त्याचा आकडा खाली वेगळा. तिकडच्या कारकुनानं काहीही लिहू दे, आपला आकडा आपल्या भिंतीवर पाहिजे, हे तुम्ही कित्येक वर्षं करत आला आहात.

आदल्या वर्षीचं, 2023 चं कॅलेंडर रद्दीत जायचं राहिलं होतं, ते कपाटावर सापडलं. दोन्ही घेऊन आपण बसलो. तुमची नात मोजत होती, मी वहीत उतरवत होते. डबल ड्युट्या निघाल्या 31. किमान वेतनाच्या कायद्यानं जादा तासांना दुप्पट दर होता. आम्हाला मिळत होता साधा, आणि कधी कधी तोही नाही.

मग नातीनं मोबाइलवर माझा यूएएन, म्हणजे फंडाच्या खात्याचा नंबर टाकून फंडाचं पासबुक उघडलं. 14 महिन्यांपैकी 5 महिन्यांचे पैसे भरलेले. कपात मात्र पगार मिळालेल्या बाराही महिन्यांत झालेली. आणि कपात केवढी? 12,000 पगारावर माझे 12 टक्के म्हणजे 1,440. माझ्याकडून जात होते 2,880. मालकाचे 12 टक्केही माझ्याच पगारातून! कायद्याला हे अजिबात मान्य नाही, मालकाचा हिस्सा मालकाच्याच खिशातून जायला हवा. कामगार विम्याचे (ईएसआय) 0.75 टक्के म्हणजे 90 रुपये, ते बरोबर होते. हातात यायचे 9,030. यायला हवे होते 10,470. मी ती बेरीज तीनदा केली. एवढे दिवस मला वाटायचं, पगारच कमी आहे, काय करणार.

अर्ज लिहिला. 11 बायकांनी सह्या केल्या. ज्यांनी केल्या नाहीत त्यांच्यावर माझा राग नाही, नवीन एजन्सी घेणार नाही ही भीती मलाही होती. कामगार कार्यालयात जायच्या दिवशी तुम्ही सकाळीच नेसून तयार. मी म्हटलं, अक्का, तुमच्या विड्या? "उद्या वळते." सिटी बसनं गेलो, तिथं बाकावर दुपारपर्यंत बसलो, तुम्ही फडक्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी आणली होती, ती आम्हा अकराजणींना पुरवलीत. साहेबांनी माझी दोन्ही कॅलेंडरं टेबलावर पसरली, आणि हॉस्पिटलला त्यांच्या हजेरी मशीनची नोंद आणायला सांगितली. पुढच्या तारखेला ती आली. चार दिवसांचा फरक सोडला तर जुळली.

हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. नंतर एकदा तुमच्या घरी पाणी प्यायला आत गेले तेव्हा भिंतीवर नजर गेली. आपण कामगार कार्यालयात गेलो त्या दिवसाच्या चौकटीत शून्य होतं. पुढच्या तारखेच्या चौकटीतही शून्य. विडी वळली नाही तर त्या दिवसाची मजुरी नाही. ते दोन शून्य तुम्ही माझ्यासाठी लिहिलेत, अक्का.

ऑगस्टमध्ये हॉस्पिटलनं दोन्ही महिन्यांचा पगार दिला, 10,470 प्रमाणे, अकराही जणींना. फंडाचे राहिलेले नऊ महिनेही आता पासबुकात दिसतात. जादा तासांचा दावा आणि जास्तीची कपात यांचं प्रकरण अजून चालू आहे, पुढची तारीख मिळाली आहे. नवीन एजन्सी दर महिन्याला पगाराची पावती देते. न मागता नाही, मागितल्यावर.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या, 1970 चा कायदाही त्यांत गेला. तुम्ही काळजीनं विचारलं होतं, मग आता? मी विचारून आले. ठेकेदारानं पगार बुडवला तर मुख्य मालकानं द्यायचा, हे तिथंही आहे. आणि नेमणुकीचं पत्र आता प्रत्येक कामगाराला द्यायलाच हवं. आम्ही अर्ज देऊन ठेवलाय. ज्या कोणी हे वाचत असतील त्यांनीही आपलं पत्र मागा, दर महिन्याला फंडाचं पासबुक उघडून बघा, आणि आपली हजेरी आपल्या हातानं लिहा, दुधाच्या कॅलेंडरवर का होईना.

आमच्या वॉर्डातल्या सहा जणींच्या घरी आता ड्युटीचं वेगळं कॅलेंडर आहे. 'डब' हेच अक्षर सगळ्या लिहितात.

एक काम राहिलं आहे. तुमच्या पेन्शनचा हयातीचा दाखला. मागच्या वेळी मशीनवर तुमचा अंगठा उमटलाच नाही, विड्या वळून वळून बोटं गुळगुळीत झाली आहेत. मी चौकशी केली, तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. रविवारी माझी सुट्टी आहे. दहा वाजता येते, आधार कार्ड आणि पेन्शनचा कागद काढून ठेवा. त्या दिवशी भाकरी मी आणते.

तुमची,
शेजारची पोरगी