‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात काय लिहावे?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इस्पितळात रुग्णाला दाखल करताना जो अर्ज भरावा लागतो, त्यातील ‘रुग्णाशी नाते’ या एका रकान्याविषयी हे पत्र आहे. मी आणि माझा जोडीदार, आम्ही दोघेही पुरुष, फोंडा तालुक्यात नऊ वर्षे एका घरात राहतो. गेल्या वर्षी त्याला गुदाशयाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. आधी साडेपाच आठवडे किरणोपचार, ज्याला रुग्ण नुसते ‘लाइट’ म्हणतात, मग शस्त्रक्रिया, मग केमो आणि शेवटी पोटावर काढलेली शौचाची वाट बंद करण्याची दुसरी शस्त्रक्रिया, यात वर्ष गेले.

पहिल्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी त्या रकान्यात ‘मित्र’ असे लिहिले. ‘जोडीदार’ लिहायला हात धजावला नाही, हे मान्य करतो. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याने अर्ज परत केला आणि ‘रक्ताचे कोणी नाही का?’ असे विचारले. रुग्णाने स्वतः, पूर्ण शुद्धीत, प्रत्येक पानावर सही केली होती. तरी नातेवाइकाच्या सहीवाचून अडले. शेवटी काणकोणहून त्याच्या ७८ वर्षांच्या आईला गाडी करून आणावे लागले. अंगठा टेकवण्यापूर्वी तिने तो कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, ‘बाबा, हातूंत कितें बरयलां?’ (यात काय लिहिले आहे?) भूल, रक्तस्राव, पोटावरची शौचाची पिशवी कायमची राहण्याची शक्यता, हे सगळे मी तिला समजावून सांगितले आणि मगच तिने अंगठा उमटवला. ज्याला कागदातले सारे कळत होते त्याची सही चालत नव्हती, आणि जिचा अंगठा चालत होता ती माझ्याच शब्दांवर विसंबून होती.

घरी पाठवण्याच्या दिवशी मात्र मला कोणी नाते विचारले नाही. पिशवी कशी बदलायची ते शिकवायला आलेल्या परिचारिकेने प्रथम ‘घरातली बाईमाणसे कुठे आहेत?’ असे विचारले खरे, पण कोणी नाही म्हटल्यावर तिने कात्री माझ्या हातात दिली. चिकट चकतीला आतड्याच्या तोंडापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर मोठे भोक कापायचे. त्याहून मोठे झाले तर कातडी सोलवटते, लहान झाले तर आतड्याला काचते. पहिल्या आठवड्यात रात्री दोन वाजता पिशवी गळून अंथरूण बदलण्याची वेळ तीनदा आली. आतडे अडू नये म्हणून नारळाचा चोथा वर्ज्य होता, आणि गोव्याच्या स्वयंपाकघरातून खोबरे काढून टाकल्यावर काय उरते, हे तेव्हा कळले. आम्हांला तारले ते उकड्या तांदळाच्या पेजेने. पिशवीतून पाण्याबरोबर मीठही जाते, त्यामुळे पेजेत मीठ हात राखून घालायचे नसते. केमोत ऑक्झालिप्लाटिन हे औषध सुरू झाल्यावर थंड वस्तूला बोट लागले की त्याला सुया टोचल्यासारखे होई. फ्रिजच्या मुठीला मी जुन्या पंच्याची चिंधी गुंडाळली होती, ती अजून तशीच आहे.

ही हकिकत मोठेपणासाठी मांडलेली नाही. कोणत्याही घरात हेच होते. प्रश्न कागदाचा आहे. शुद्धीत असलेल्या प्रौढ रुग्णाची स्वतःची संमतीच ग्राह्य, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेतील ७.१६ या कलमात मात्र पती, पत्नी, अल्पवयीन रुग्णाच्या बाबतीत आईवडील किंवा पालक, अथवा स्वतः रुग्ण, अशी यादी आहे आणि त्या यादीत आमच्यासारख्यांना जागा नाही. समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला, ते सर्वांना ठाऊक आहे. तो वाद मी येथे काढत नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवले, त्यात जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेहाचा ताबा मागता यावा, अशी सूचना आहे. ती आवश्यकच होती. परंतु जोडीदार जिवंत असताना, अतिदक्षता विभागाच्या दारापाशी डॉक्टरांनी कोणाशी बोलायचे, हा त्याआधीचा प्रश्न नाही काय?

याचे उत्तर नव्याने शोधावे लागणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या १४ व्या कलमानुसार कोणीही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकते, आणि तो नात्यातलाच असावा अशी अट तेथे नाही. मनाच्या आजारात जो विश्वास कायदा रुग्णावर टाकतो, तो आतड्याच्या आजारात का टाकू नये? गोवा सरकारच्या आरोग्य खात्याने एक परिपत्रक काढून, दाखल करतेवेळच्या अर्जात ‘रुग्णाने नेमलेली व्यक्ती’ असा रकाना घालावा, आणि रुग्ण भुलेखाली असताना त्या व्यक्तीला माहिती द्यावी व तिचे मत विचारात घ्यावे, असा दंडक सरकारी व खासगी इस्पितळांना घालून द्यावा. अविवाहित, विधवा, मुले परदेशी असलेले वृद्ध, यांचीही त्याने सोय होईल, आणि गोव्यात अशी घरे थोडी नाहीत. वैद्यकीय इच्छापत्राची, म्हणजे अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या कागदाची, नोंदणी सुरू करण्यात मे २०२४ मध्ये आपल्याच राज्याने पुढाकार घेतला आणि न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवले; परंतु ते इच्छापत्र उपयोगी पडते ते बरे होण्याची आशा संपल्यावर.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचे कार्डही कुटुंबागणिक मिळते. जोडीदाराचे नाव त्याच्या आईच्या कार्डावर, माझे माझ्या. एका चुलीवर जेवूनही सरकारदरबारी आमची कुटुंबे दोन. त्याविषयी पुन्हा केव्हातरी लिहीन.

त्याची प्रकृती आता बरी आहे. दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी असते, आणि पुढच्या महिन्यात भूल देऊन कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून आतड्याची तपासणी, करायची आहे. त्याच्या आईचे गुडघे आता काणकोणहून येण्याजोगे राहिलेले नाहीत. अर्जात या खेपेस मी ‘जोडीदार’ असे लिहिणार आहे.

आपला,
एक वाचक, फोंडा
(नाव कृपया छापू नये, ते छापले तर त्याचेही कळेल, आणि त्याच्या कार्यालयात हे अजून ठाऊक नाही.)