पडणाऱ्या गड्यास

सांगली,
३ ऑगस्ट २०२५

प्रिय सुन्यास,

सप्रेम नमस्कार. (पत्राची सुरुवात अशीच करायची हे शाळेत मार खाऊन शिकलोय. हसू नकोस.)

आपला टीव्हीवरचा अमेरिकन पैलवान हल्क होगन गेल्याचं तुला कळलंच असेल. २४ जुलैच्या रात्री मोबाइलवर बातमी दिसली आणि हात तुझ्या नंबरवर गेला. मग थांबलो. फोनवर आपण दोन मिनिटं "गेला रे" म्हणणार आणि तिसऱ्या मिनिटाला तुझ्या घराच्या हप्त्यांवर घसरणार. शिवाय मला सांगायचंय ते होगनबद्दल नाहीच. ते त्याच्या हातून मार खाणाऱ्यांबद्दल आहे, आणि थोडं तुझ्याबद्दल. असलं काही आपल्या दोघांना फोनवर जमत नाही.

नागपंचमीची सुट्टी काढून माळा आवरला. पत्र्याच्या डब्यात आपले पत्ते सापडले, डब्ल्यूडब्ल्यूएफचे, त्या अमेरिकन टीव्ही-कुस्तीतल्या पैलवानांचे. रबर वितळून वरच्या पत्त्याला चिकटलंय, पण आकडे शाबूत आहेत. उंची, वजन, छाती, रँक. ज्याच्या हातात योकोझुना त्याने डोळे मिटून "वजन" म्हणायचं आणि जायंट गोंझालेस आला की "उंची". गोंझालेस पत्त्यावर आठ फूट आहे. खरा तो अर्जेंटिनाचा बास्केटबॉलवाला, आठ फुटाला चांगलाच कमी, आणि अंगात स्नायू रंगवलेला, केस डकवलेला झबल्यासारखा पोशाख. ते कातडं खोटं आहे हे चौथीतही कळत होतं. तरी रात्री संडासला जाताना कुणीतरी सोबत लागायचंच.

तू पत्ते आकड्यांसाठी जमवलेच नाहीस. तुला व्हिलन हवे असायचे. एका होगनच्या बदल्यात जेक रॉबर्ट्स घेणारा गल्लीत तू एकटा. जेक पिशवीतून अजगर काढायचा तेव्हा सगळी पोरं किंचाळायची आणि तू म्हणायचास, "उपाशी दिसतोय बिचारा." आजीचं माहेर बत्तीस शिराळा, तुला सापाचं काय! पण तू जेकमधलं एक बरोबर हेरलं होतंस. बाकीचे सगळे माइकवर ओरडायचे आणि हा कुजबुजायचा. इंग्रजी आपल्याला ओ की ठो कळत नव्हतं, तरी तो बोलायला लागला की खोली गप्प व्हायची.

आणि खोलीत मागे पलंगावर तुझे आबा. तोंडाने "बंद करा ते सोंग" म्हणत, पण चष्मा पुसून पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बघत. आबांनी गिरणीत असताना वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंगच्या फ्रीस्टाईल बघितलेल्या. तो किंगकाँग, हंगेरीकडचा, दोनशे किलोंच्या घरातला, नुसता दोराला धरून उभा राहिला तरी पब्लिक आयाबहिणी काढायचं, हे सांगताना आबांचाच आवाज चढायचा. १९६८ साली दारासिंगने मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवलं, ती कथा तर त्यांनी आपल्याला इतक्यांदा सांगितली की तू ओठ हलवून सोबत म्हणायचास. (पेपरात अजून "दोन गटांत फ्रीस्टाईल" असा मथळा येतो. वाचलं की मला आबा आठवतात.)

मी त्यांना एकदा विचारलं होतं, हे खरं असतं का. ते म्हणाले, "कुस्ती मारुती मान्यांची. ह्यो खेळ हाय, नुरा हाय सगळा." नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती. मी हिरमुसलो. मग थोड्या वेळाने, टीव्हीवरची नजर न काढता: "पर जिकणाऱ्याकडं काय बघताय? पडणाऱ्याकडं बघा. तेला पडाय येतंय. न्हाईतर मान मोडंल."

हे वाक्य मी तीसेक वर्षं विसरलो होतो. पत्ते बघताना पटकन वर आलं.

आता तुझ्या लाडक्यावर येतो. आयर्न शेख. वळणदार मिशा, टोकाला वाकलेले बूट, चकचकीत टक्कल, "इराण नंबर वन" म्हणून अमेरिकेच्या नावाने थुंकणारा. गणपतीत भाड्याच्या कॅसेटवर तो ते लाकडी मुद्गल फिरवताना दिसला आणि आबा पलंगावरून उठून टीव्हीजवळ गेले होते, आठवतं? "आरं, ह्यो तालमीतला हाय!" बरोबर ओळखलं होतं त्यांनी. हा गडी सोंगातला नव्हताच. नाव हुसेन खोसरो अली वझिरी, इराणमधल्या दामघानचा. १९७१ साली अमेरिकेची ग्रीको-रोमन राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेला, १९७२ च्या ऑलिम्पिकला अमेरिकन संघाचा सहाय्यक प्रशिक्षक. मनात आणलं असतं तर त्या रिंगणातल्या बहुतेकांची पाठ त्याने खरोखर लावली असती.

२६ डिसेंबर १९८३ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने बॉब बॅकलंडला पालथा घातला, पाठीवर बसला आणि हनुवटीखाली हात अडकवून मान मागे ओढली. बॅकलंड हार मानेना, शेवटी त्याच्या मॅनेजरने टॉवेल फेकला. जवळपास सहा वर्षांचा विजेता संपला. आणि बरोबर चार आठवड्यांनी, २३ जानेवारी १९८४ ला, त्याच जागी शेखने तो पट्टा होगनच्या कमरेला जाऊ दिला. होगनची सगळी लाट, ते पिवळे बनियन, ते कानाला हात लावून आरोळ्या ऐकणं, सगळं तिथून सुरू झालं. शेख नंतर मुलाखतींत सांगायचा, की ज्या व्हर्न गान्येने त्याला हा धंदा शिकवला, त्यानेच निरोप धाडला होता: होगनचा पाय मोड, पैसे देतो. शेखने पाय मोडला नाही. ठरल्याप्रमाणे उताणा पडला आणि तीन मोजू दिले. त्याच्या सांगण्यात तिखटमीठ किती हे तूच ठरव, पण पडला हे तर जगाने बघितलंय.

पुढचं तुझ्या गावचं, न्यू जर्सीचं. ज्या गार्डन स्टेट पार्कवेवरच्या ट्रॅफिकबद्दल तू दर फोनला कुरकुरतोस, तिथेच १९८७ च्या मे महिन्यात पोलिसांनी एक गाडी अडवली. आत आयर्न शेख आणि जिम डगन. डगन म्हणजे तो फळी आणि अमेरिकेचा झेंडा घेऊन येणारा, म्हणजे त्या दिवसांतला शेखचा जानी दुश्मन! दोघे एकाच गाडीत, मजेत. गाडीत नशेचं सामान सापडलं हा एक गुन्हा झालाच, पण गहजब झाला तो दुसऱ्यामुळे. त्यांच्यात एक शब्द आहे, केफेब. रिंगणातलं सोंग रिंगणाबाहेरही उतरवायचं नाही, वैऱ्याबरोबर चहासुद्धा प्यायचा नाही. ते उघड्यावर आलं. दोघांनाही कामावरून काढलं. आणि दोन वर्षांनी खुद्द कंपनीनेच तुझ्या न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगितलं की हा खेळ नसून करमणूक आहे. कारण? खेळ म्हटला की सरकारी देखरेख आणि कर मागे लागतात. म्हणजे आपण शाळेच्या मागे "खरं" "खोटं" म्हणत दात पाडून घेत होतो, त्याच्या आधीच निकाल सरकारदरबारी लागला होता. कुणीतरी कळवायचं तरी.

१९९०-९१ ची गंमत तुला ठाऊक आहे का? इराकने कुवेतवर हल्ला केला तेव्हा वर्षानुवर्षं अमेरिकन सैनिकाचं सोंग घेतलेल्या सार्जंट स्लॉटरला कंपनीने इराकचा समर्थक केलं. त्याला खऱ्याखुऱ्या जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. आणि त्याच्या जोडीला इराकी कर्नल मुस्तफा म्हणून कोण उभा केला? आपला शेख! ज्या इराकशी त्याच्या देशाने आठ वर्षं युद्ध केलं, त्याच देशाचा गणवेश. तो घालून तो रोज रात्री शिव्या खायचा, आणि मग पडायचा.

योकोझुनाचंही तसंच. जपानी म्हणून आपण ज्याला शिव्या घातल्या तो सामोअन घराण्यातला, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला रॉडनी. तेवढ्या वजनाचा माणूस कोपऱ्यातल्या दोरावरून खाली बसायचा आणि खालचा गडी दुसऱ्या दिवशी चालता-फिरता असायचा. याला काय कसब लागत असेल! २००० साली गेला, वय ३४. आपण तेव्हा कॉलेजात होतो. बातमी आपल्यापर्यंत पोचलीसुद्धा नाही.

अंडरटेकरवर लिहीत नाही, त्याचं तुला-मला सगळं पाठ आहे. फक्त एक. १९९६ च्या त्या 'खिलाडियों का खिलाडी' सिनेमात अक्षय कुमारने अंडरटेकरला उचलून आपटला म्हणून तू दोन दिवस जेवला नव्हतास. तो अंडरटेकर नव्हता रे. ब्रायन ली नावाचा गडी होता, १९९४ मध्ये खऱ्या अंडरटेकरपुढे 'नकली अंडरटेकर' म्हणून उभा केलेला तोच. आता जेव.

कालच हिला हे सगळं सांगत होतो, तर ती म्हणाली, "म्हणजे निळूभाऊच की." एका वाक्यात मिटवलं बघ. निळू फुले नुसते दिसले तरी बायका बोटं मोडायच्या, आणि माणूस सेवा दलातला, साधा, लोकांच्या कामाला धावणारा. माझी आजी त्यांच्या नावाने "मुडदा" म्हणायची. त्यांच्या कामाची याहून मोठी पावती कुठली असणार?

आता होगन. यंदाच्या ६ जानेवारीला लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमात तो झेंडा घेऊन आला आणि लोकांनी हुर्यो उडवली. मी ते रात्री मोबाइलवर बघितलं. १९९६ मध्ये तो मुद्दाम खलनायक झाला होता तेव्हा लोकांनी रिंगणात कचरा फेकलेला, पण ती ठरवून मिळवलेली शिवी, धंद्यातली. या जानेवारीतली खरी होती. २०१५ ला त्याच्या वर्णद्वेषी बोलण्याची टेप बाहेर आली, ते लोक विसरले नव्हते. विसरावं असं माझंही म्हणणं नाही. पण त्याचा चेहरा बघताना वाटलं, याला शिवी झेलता येत नाही. शेखला यायची, त्याचा जुना वैरी रॉडी पायपर, त्याला यायची, जेकला तर ती प्यायला मिळाल्यासारखी वाटायची. होगनला आयुष्यभर दुसऱ्यांनी उभं केलं. स्वतः पडायची वेळ आली तेव्हा त्याला पडताच येईना. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

तर, तुझ्याबद्दलचं. आमच्या अंगणात गादी टाकून आपण किती वर्षं खेळलो? तिसरी ते सातवी धर. गादी आमची, म्हणून होगन कायम मी. तू कधी शेख, कधी जेक, योकोझुना व्हायचास तेव्हा पोटाला उशी बांधून. त्या सगळ्या वर्षांत मी एकही कुस्ती हरलो नाही. मला वाटायचं मी ताकदवान आहे. वर्गात सांगायचो सुद्धा. सहावीत तुझं कोपर गादीबाहेर शहाबादी फरशीवर आपटलं, तीन टाके पडले, आणि तू घरी सांगितलंस की सायकलवरून पडलो. मला तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं होतं. परवा पत्ते हातात घेऊन माळ्यावर बसलो होतो तेव्हा ध्यानात आलं, की आबा ते वाक्य म्हणाले तेव्हा टीव्हीकडे बघत होते, पण तुझा हात बँडेजमध्ये होता. त्यांना माहीत होतं लेका.

आबांची तालीम अजून आहे. हौद्यातली माती कमी झालीय, पोरं मॅटवर जातात. तरी पंचमीला हलगी वाजलीच.

दिवाळीला येतोयस म्हणालास, ते नक्की कर. वहिनींना आणि पोरांनाही घेऊन ये. जेकचा पत्ता डब्यात नाही, म्हणजे तो तुझ्याकडे आहे, तोही आण. गादी अजून आहे, परवा पिंजून आणली. पोरांना अंगणात एक कुस्ती दाखवू. होगन तू हो. कानाला हात लाव, बनियन फाड, काय करायचं ते कर. मला फक्त थोडं हळू आपट, उजवा गुडघा गेलाय.

तुझा,
बाळ्या